लोणारचा खार



पापडाच्या पिठात आपण चिमूटभर पापडखार घालतो. त्याच जातीच्या खाराचं एक भलंमोठं भांडार आपल्या बुलढाणा जिल्ह्यात आहे. ते म्हणजे लोणार सरोवर.

आपल्याकडे गोष्ट सांगतात, की इथं लवणासुर नावाचा दैत्य राहायचा. विष्णूने त्याला मारलं आणि हे तळं झालं. गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ त्याचीच आठवण. शास्त्रज्ञ सांगतात, की हजारो वर्षांपूर्वी आकाशातून एक अशनी आपल्या काळ्या कातळावर आदळला. त्यातून सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं विवर झालं. अशा काळ्या कातळातली विवरं पृथ्वीवर फार थोडी, चंद्रावर मात्र पुष्कळ. म्हणून जगभरचे अभ्यासक लोणारला येतात.

मग पाणी खारट कसं? तळ्यात झरे येतात, पावसाचं पाणी येतं, पण बाहेर जायला वाट नाही. उन्हाने पाणी उडून जातं, कातळातून आलेले क्षार मागे राहतात. कढईत पाणी आटवल्यावर तळाशी मीठ उरतं ना, तसंच.

या खारावर माणसं जगलीसुद्धा. अकबराच्या काळातल्या ‘आईन-ए-अकबरी’त लोणारची नोंद आहे. काच आणि साबण करायला लागणारं सगळं तिथं मिळतं आणि त्यावरच्या करातून सरकारला चांगलं उत्पन्न होतं, असं त्यात म्हटलं आहे. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली. खार काढणारे लोक त्याचे प्रकार नावानिशी ओळखत: डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की. नावं मोठमोठ्या दप्तरांत उतरली, पण ती ठेवली हाताने खार उचलणाऱ्यांनी.

काठावर कमळजा देवीचं देऊळ आहे. नवरात्रात तिथं बायाबापड्यांची गर्दी होते. जवळच सासू-सुनेची विहीर आहे. एकाच विहिरीत एका बाजूला गोडं पाणी, दुसऱ्या बाजूला खारं. नाव कुणी ठेवलं असेल, ते सांगायला नको!

२०२० च्या जूनमध्ये तळं गुलाबी झालं. पाणी आटून खार वाढला आणि खाऱ्या पाण्यात जगणाऱ्या सूक्ष्म जीवांनी तो रंग दिला. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळ जागेचा दर्जा मिळाला.

पण दर्जा मिळाला म्हणून तळं राखलं गेलं, असं होत नाही. गावाचं सांडपाणी, शेतातली खतं, धुण्याचा साबण उतारानं खाली जातो. तळ्याला बाहेरची वाट नाही, म्हणून जे आत गेलं ते तिथंच राहतं. त्यात गोडं पाणी वाढलं, की खार पातळ होतो आणि फक्त त्या खारातच जगणारे जीव संपतात. इतर तळी खारट झाली की आपण हळहळतो. लोणारची काळजी उलटी आहे. त्याचा खारटपणाच जपायचा आहे.

देवीला जाल तेव्हा ओटी भरा, पण प्लास्टिकची पिशवी आणि साबणाची वडी घरी परत आणा.