घट कुणाच्या वाट्याची?

तूरडाळीच्या पोत्यातून किलो-किलो मोजत गेलं की शेवटच्या बाईच्या वाट्याला पाऊणच किलो उरते. कमी पडलेली पाव किलो जाते कुठे, याचा शोध आत्याने आयुष्यभर घेतला. "वाणी ही घट भावात लावतो आणि मोकळा होतो," ती सांगायची. "आमचे वाणी आम्हीच. लावणार कुणाला?"

हे दुकानदारीचं वेड तिला आजोबांकडून आलेलं. आजोबा नायगावचे, गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामाला. १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग आलं. युद्ध संपलं तरी काळाबाजार संपला नाही. पगार महिन्याचा, भूक रोजची, आणि मधलं सगळं वाण्याच्या उधारीच्या वहीत. १९४८ मध्ये नायगावच्या कामगारांनी भाग गोळा करून स्वतःचं सहकारी दुकान काढलं. पुढे त्याचंच 'अपना बाजार' झालं. (इंग्लंडात रॉचडेलला १८४४ मध्ये ज्यांनी असं दुकान थाटलं, त्यांतही विणकर होतेच.) साबण स्वस्त मिळतो यापेक्षा साबणाच्या भावावरून वार्षिक सभेत उभं राहून जाब विचारता येतो, याचं आजोबांना अप्रूप.

आत्याची पिढी महागाईची. १९७२चा दुष्काळ, त्यामागून मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांचे लाटणं मोर्चे. आत्याही गेली होती. "लाटणं वाजवलं की मंत्री खाली यायचा, भाव नाही," हा तिचा निष्कर्ष. १९७५ मध्ये बिंदुमाधव जोशींनी मुंबई ग्राहक पंचायत सुरू केली आणि आत्या तिथे रमली. इथे तर दुकानच नव्हतं. शेजारपाजारच्या कुटुंबांचा संघ करायचा, महिन्याची यादी आणि पैसे आधी द्यायचे. एकत्र घेतलेला माल एका घरी उतरायचा आणि तिथेच वाटप.

वाटपाच्या दिवशी कॉट भिंतीला उभी, जमिनीवर जुन्या चादरी, मध्ये तागडी. गुळाची ढेप फोडताना चुरा कुणाचा, यावरून दोघी महिनाभर बोलत नसत. घटीचा तंटा मात्र एका आजींनी सोडवला: ज्या घरी वाटप, त्या घराने आपला वाटा सगळ्यात शेवटी घ्यायचा. त्या महिन्यापासून तागडीचा काटा फारच काळजीपूर्वक पाहिला जाऊ लागला.

पुढे १९८२चा संप झाला, गिरण्या बंद पडत गेल्या आणि आजोबांच्या दुकानाचे मालकच पांगले. मोठ्या साखळी दुकानांनी सहकारी दुकानं संपवली, असं म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. मालकीत सभा असतात, हिशेब असतात, शेजारणीशी भांडण असतं; चकचकीत दुकान यातलं काहीच मागत नाही, फक्त पैसे मागतं. आपल्याला ते सोयीचं वाटलं.

पंचायतीचं वाटप अजून चालतं. आमच्या सोसायटीतही संघ काढायचं निघालं, तेव्हा भावांचा तक्ता सगळ्यांना पसंत पडला. माल कुणाच्या घरी उतरवायचा, यावर गाडी अडली आहे.