बसऱ्याचे मोती

आमच्या गावात, दिंद्रुडात, इराक पहिल्यांदा आला तो 2003 साली, टीव्हीतून. त्याआधी आमच्या घराला बसरा तेवढा ठाऊक होता, आणि तोही आजीच्या सासूच्या नथीत. बसऱ्याचे मोती! ते खरं तर बसऱ्याचे नव्हेतच. ते निघत आखातात, बहरीनच्या अंगाला. बसऱ्याच्या बाजारात सौदा होई, म्हणून नाव त्याचं. हे आजीला सांगितलं तर म्हणाली, "त्यात काय नवल? ज्वारी आपली, आन् भाव अडत्याचा."

9 एप्रिलला बगदादेत सद्दामचा पुतळा पडला आणि लोक खुर्च्या, पंखे, दवाखान्यातल्या खाटा उचलून नेताना दिसू लागले. म्युझियमातून पंधरा हजारांच्या आसपास वस्तू गेल्या. तेल मंत्रालयापुढं मात्र अमेरिकेचे रणगाडे उभे. आबा पान जुळवता जुळवता म्हणाले, "तिजोरी राखली, देव्हारा सोडला." अमेरिकेचे संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांनी पत्रकारांना सांगितलं, अशा गोष्टी व्हायच्याच. आबा हसले. "आमचा अमीन बी हेच म्हणायचा. फकस्त उर्दूत."

अमीन म्हणजे निजामाचा फौजदार. आबांचं बालपण निजामाच्या मोगलाईत गेलं: हाली सिक्का, करोडगिरीचा नाका, आणि शेवटी शेवटी रझाकार. गोऱ्यांचा हात तिथंही होताच. निजामाला इंग्रजांनी 'विश्वासू दोस्त' असा किताबच दिलेला. 1948 साली सिडनी कॉटन नावाचा एक ऑस्ट्रेलियन कराचीहून निजामासाठी बंदुका भरून रातोरात विमानं आणायचा. एक तळ बिदरला. बिदर आमच्याच मोगलाईतलं, पण आबांना हे विमानांचं प्रकरण मी पुस्तकातून सांगेपर्यंत माहीत नव्हतं. "आमच्याकडं बंदूक पोचायच्या आधी तिची आवई पोचायची," ते म्हणाले.

13 सप्टेंबरला भारताची फौज शिरली, पाच दिवसांत निजाम शरण आला. बगदादेला तीन आठवडे लागले. बगदाद सोडवायची हौस तशी जुनी: 1917 च्या मार्चमध्ये इंग्रजांच्या जनरल मॉडनं तिथं जाहीरनामा काढला होता की आम्ही जिंकायला नव्हे, तुम्हाला सोडवायला आलोय. त्या सोडवणुकीसाठी आमच्या मराठा पलटणी आदल्या वर्षी इराकातल्या कूतच्या वेढ्यात 147 दिवस उपाशी राहून तुर्कांच्या कैदेत गेल्या होत्या. सोडवणारेच अडकले.

आबा रझाकारांच्या गोष्टी रंगवून सांगायचे. फौज आल्यानंतरच्या महिन्यातल्या हत्यांबद्दल बोलताना मात्र आवाज खाली यायचा. सुंदरलाल समितीनं हैदराबाद संस्थानातल्या त्या हत्यांचा अंदाज 27 ते 40 हजार असा दिला, आणि मारले गेले ते बहुतेक मुसलमान. तो अहवाल कित्येक दशकं कुलपात होता. आबा एवढंच म्हणायचे, "रझाकारानं नेलं ते लुटीचं. मागून नेलं ते सापडलेलं." आजूबाजूच्या खेड्यांत कुणाच्या वाड्याला कुणाचं कवाड बसलंय, हे सगळ्यांना ठाऊक असे. त्या कवाडातून लोक तिळगूळ घ्यायला जात.

2003 च्या जूनमध्ये बगदादेतून बातमी आली की म्युझियमातलं निमरूदचं प्राचीन सोनं सापडलं. 1990 च्या सुमारास म्युझियमवाल्यांनी ते बँकेच्या तळघरात दडवलेलं. तळघरात पाणी भरलं होतं, पेट्या शाबूत. आजी भाकरी थापत होती.

"समदं मिळालं?"

"समदं."

"मंग दडवताना सोयरं न्हवतं कुणी जवळ."

तेव्हा तिनं नथीचं सांगितलं. रझाकारीत सासूनं नथ डबीत घातली, डबी ज्वारीच्या पेवात. दिवाळीनंतर पेव उघडलं. तळाला थोडी बुरशी, पण ज्वारी मापाला पुरती. डबी नव्हती. पेवात कोण उतरलं होतं ते घरात सगळ्यांना माहीत. कुणी चकार शब्द काढला नाही. रझाकारांच्या नावावर नथ खपली.

दोन वर्षांनी भावकीतल्या लग्नात आजी हळदीकुंकवाचं ताट धरून सासूच्या मागं चालली होती. एका बाईपुढं सासू थांबली. नाकात तीच नथ, मधला मोती किंचित पिवळा. सासूनं तिला कुंकू लावलं, जरा जास्तच वेळ लावलं, आणि म्हणाली, "बसऱ्याचे दिसत्यात. जप गं, दिवस वाईट हाईत."