पांखरें टिपण्याचा इतिहास

कयाधू नदीच्या कांठचें नरसी हें गांव नामदेवांचें जन्मस्थान म्हणून महाराष्ट्रास पूज्य आहे. परंपरेप्रमाणें नामदेवांचा जन्म इ. स. १२७० मधील. त्यांच्या एका प्रसिद्ध अभंगांत पहांटे चाऱ्यासाठीं गेलेली पक्षीण आणि तिची वाट पाहत उपाशी बसलेलीं पिलें यांचा दृष्टांत आहे. चातक आणि चकोर हे आमच्या कवींना संस्कृत काव्यांतून वारसाहक्कानें मिळाले. पण ही पक्षीण कोणत्याहि घराच्या वळचणीस दिसणारी आहे. भक्ताची तळमळ सांगण्यासाठीं ती आली हें खरें. तथापि अशा दृष्टांतामागें घरट्याकडे लागलेली कोणाची तरी सावध दृष्टि असावी, असें मानण्यास हरकत नाहीं.

पक्षिनिरीक्षण हें साहेबानें आणलेलें वेड आहे, असें जें म्हणतात तें म्हणूनच अर्धें खरें आहे. तांदूळ निवडतांना कण्या चिमण्यांपुढें टाकणें, वैशाखांत परळांत पाणी भरून ठेवणें, पितृपक्षांत कावळ्यासाठीं पान मांडून खोळंबणें, हा आमच्या घरांचा नित्यक्रम होता. पावशाचा स्वर कानीं येतांच शेतकऱ्याचें लक्ष पेरणीकडे लागे. पाहणारे डोळे होते, ममता होती. नव्हती ती एकच गोष्ट: अमुक पक्षी, अमुक दिवशीं, इतके दिसले, असें कोणीं लिहून ठेविलें नाहीं.

तें लिहिणें प्रथम परकीयांनीं केलें. कर्नल साइक्स यांची दख्खनच्या पक्ष्यांची यादी १८३२ सालीं लंडनमध्यें प्रसिद्ध झाली. पुढें १८३७ मध्यें जर्डन नांवाचे तरुण डॉक्टर घोडदळाबरोबर जालन्याच्या छावणींत, म्हणजे याच मराठवाड्यांत, आले. हिंदुस्थानच्या पक्ष्यांवरील त्यांचा ग्रंथ १८६२ ते १८६४ या काळांत निघाला. राष्ट्रसभेच्या स्थापनेमुळें आपणांस परिचित असलेल्या ह्यूम साहेबांनीं १८८५ सालीं आपला पक्षिसंग्रह ब्रिटिश म्यूझियमला दिला, त्यांत पक्ष्यांचीं साठ हजारांहून अधिक कातडीं होतीं! या विद्वानांचें ऋण मोठें आहे. परंतु त्यांच्या काळीं पक्षी टिपणें याचा अर्थ बहुधा बंदुकीनें टिपणें असाच होता. जात ठरविण्यास पक्षी हातांत घेऊन मोजावा लागे, तेव्हां त्यांना सर्वस्वीं दोष देणेंहि योग्य नव्हे. मात्र मेलेल्या पक्ष्याच्या पंखाची लांबी कळते. त्याचा संसार कळत नाहीं.

हा संसार पाहण्याचें काम १९३० च्या पावसाळ्यांत अलिबागजवळील किहीम येथें समुद्रकांठीं झालें. सलीम अली बर्लिनच्या प्राणिशास्त्रीय म्यूझियममध्यें स्ट्रेसमान यांच्या हाताखालीं शिक्षण घेऊन परतले, तों मुंबईंतील त्यांची जागा पैशाअभावीं रद्द झालेली. १८८३ सालीं स्थापन झालेल्या मुंबईच्या निसर्ग-इतिहास मंडळाशीं त्यांचा संबंध जुना. पण पगार नव्हता. पतिपत्नी किहीमच्या घरीं राहावयास गेलीं. जवळच्या झाडांवर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. रिकाम्या झालेल्या त्या माणसानें तासन् तास बसून घरटीं पाहिलीं आणि जें पाहिलें तें लिहून ठेविलें.

निष्कर्ष गमतीचा निघाला. घरटें विणतो तो नर. तें अर्धें होतांच माद्या येऊन पारखतात. एखादीस पसंत पडलें कीं तो तें पुरें करतो, आणि ती अंडीं घालून उबवावयास बसली कीं दुसरें विणावयास घेतो. म्हणजे एकाच हंगामांत एकाहून अधिक संसार! हा लेख १९३१ सालीं मंडळाच्या नियतकालिकांत आला. इकडे आमच्या भाषेनें पिढ्यान् पिढ्या या कारागिराला स्त्रीलिंगी नांव दिलें. बहिणाबाई चौधरींच्या सुप्रसिद्ध कवितेंतहि विणण्याचें सारें श्रेय मादीकडेच जातें. त्या कवितेचें मोल यानें तिळमात्र उणें होत नाहीं. ममतेनें पाहणें आणि नोंद करीत पाहणें यांतील अंतर तेवढें ध्यानीं येतें.

लगेच १९३१-३२ मध्यें सलीम अलींनीं निजामाच्या राज्यांतील पक्ष्यांची पाहणी केली. नरसी तेव्हां त्याच राज्याच्या परभणी जिल्ह्यांत होतें. हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा १९९९ सालीं झाला. या पाहणींत नमुन्यांसाठीं बंदूक होतीच. एका पावसाळ्यानें युग पालटलें असें म्हणणें इतिहासास धरून होणार नाहीं. पण केवळ डोळा आणि वही यांच्या बळावर काय साधतें, हें किहीमनें दाखवून दिलें होतें.

हा विषय आज केवळ कुतूहलाचा राहिलेला नाहीं. २०१० पासून २० मार्च हा चिमण्यांचा दिवस म्हणून पाळला जातो, आणि जो तो म्हणतो, पूर्वीं अंगण चिमण्यांनीं भरून जाई. किती चिमण्यांनीं? कोणत्या सालापासून त्या कमी झाल्या? ज्या आजीनें चाळीस वर्षें रोज कण्या टाकल्या तिला तें ठाऊक होतें. पण घरांतील वही दुधाच्या हिशेबासाठीं होती. आजीबरोबर तें ज्ञानहि गेलें. शहरोशहरीं, गांवोगांवीं असें किती ज्ञान गेलें असेल! आणि जें किती होतें हेंच सांगतां येत नाहीं, तें नष्ट झाल्याची तक्रार तरी कोणत्या पुराव्यावर करावी?

भाद्रपद लागला कीं उत्तरेकडून आलेले चिखलपक्षी कोंकणच्या किनाऱ्यावर दिसूं लागतात. पाऊस ओसरतांच शेपटी हालवीत धोबी पक्षी देशावरील ओढ्याकांठीं उतरतो. यंदा तो आपल्या गांवीं प्रथम कोणत्या तारखेस दिसला, एवढेंच प्रत्येक घरानें लिहून ठेवावें; पुढील वर्षीं पुन्हां लिहावें. कण्या टाकणारा हात आपणांकडे पूर्वापार आहेच. त्याच हातांत एक पेन्सिल द्यावी, इतकेंच मागणें आहे.