मानेंतील ग्रंथींचा वाद

ठाकुर्लीहून गाडीनें निघालेला एखादा रोगी परळला उतरून टाटा रुग्णालयांत शिरतो. जिभेच्या कडेला बोराएवढा व्रण, निदान कर्करोगाचें. डॉक्टर मान चाचपतात, पण गांठ हाताला लागत नाहीं. मग व्रण कापतांनाच मानेंतील लसिकाग्रंथी काढाव्या, कीं अवधाणाप्रमाणें गांठ उठेपर्यंत थांबावें?

अमेरिकन शल्यवैद्य जॉर्ज क्राइल यांनीं १९०६ सालीं १३२ शस्त्रक्रियांचा वृत्तान्त देऊन या ग्रंथी समूळ काढण्याचा पुरस्कार केला. परंतु गांठ न लागणाऱ्यांविषयीं एकमत होईना. व्यर्थ चिरफाडीनें खांदा दुबळा होतो, हा थांबणाऱ्यांचा आक्षेप कांहीं खोटा नव्हे.

निवाडा झाला तो परळलाच. १९४१ सालीं उघडलेल्या याच रुग्णालयांत डॉ. अनिल डिक्रूझ व त्यांचे सहकारी यांनीं २००४ पासून दहा वर्षें, जणूं चिठ्ठ्या टाकून, आरंभींच्या अवस्थेंतील रोग्यांचे दोन जवळजवळ सारखे गट केले. पहिल्या ५०० जणांचा हिशेब २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. आधींच ग्रंथी काढलेल्यांत तीन वर्षांनंतर हयातीचें प्रमाण ८० टक्के, थांबलेल्यांत ६७.५. रोग उलटला तो अनुक्रमें ८१ व १४६ जणांवर.

आतां खरी मेख पाहा. काढलेल्या ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखालीं तपासल्या तेव्हां सुमारें तीस टक्के रोग्यांतच रोग सांपडला. उरलेल्या सत्तरांस ती चिरफाड कदाचित् लागलीही नसती; पण ते सत्तर कोणते, हें बोटांना कसें कळावें? म्हणून व्रणाचा निचरा प्रथम ज्या ग्रंथीकडे होतो तीच शोधून तपासण्याचा मार्ग आतां कांहीं ठिकाणीं चोखाळला जात आहे.