हातावरचे उपरी आणि मिरासदार

एखादा रोगी लवकर बरा झाला, की आपण त्याचे श्रेय औषधापेक्षा वैद्याच्या हातगुणाला देतो. पण वैद्याच्या हाताला अवगुणही असू शकतो, हे युरोपातील वैद्यकाला १८४७ साली सांगण्यात आले आणि ते त्याला मुळीच रुचले नाही.

व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात त्या काळी प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. १८४१ ते १८४६ या काळात पहिल्या विभागात शंभर मातांपैकी जवळजवळ दहा दगावल्या. दुसऱ्यात चारहूनही कमी. कोणत्या दिवशी कोणत्या विभागात प्रवेश मिळतो, हे शहरातील गोरगरीब स्त्रियांना पक्के ठाऊक होते. पहिल्या विभागाची पाळी आली, की त्या गुडघे टेकून विनवीत, ‘आम्हांला तिकडे नेऊ नका.’ वैद्यांपाशी कारणे पुष्कळ होती: हवा दूषित आहे, गर्दी फार आहे. वास्तविक हवा दोन्हीकडे एकच होती आणि गर्दी तर दुसऱ्या विभागातच अधिक होती!

पहिल्या विभागात इग्नाझ सेमेलवाइस हे तरुण हंगेरियन वैद्य साहाय्यक होते. १८४७ च्या वसंतात त्यांचे स्नेही प्राध्यापक कोलेच्का शवविच्छेदन करताना विद्यार्थ्याच्या सुरीने बोटाला जखम होऊन वारले. त्यांच्या प्रेतात जी चिन्हे आढळली, तीच सूतिकाज्वराने मेलेल्या मातांच्या प्रेतांत आढळत असत. सेमेलवाइस यांना उलगडा झाला. विद्यार्थी व वैद्य शवागारातून थेट प्रसूतिकक्षात येत. साबणाने हात धुतले तरी प्रेताचा वास हातांवर रेंगाळे. सुइणींचा प्रेताशी संबंधच नव्हता. मे महिन्याच्या मध्यापासून त्यांनी प्रत्येकास ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले. एप्रिलमध्ये मृत्यूचे प्रमाण शेकडा अठरा होते, ते जूनमध्ये दोनवर आले आणि जुलैमध्ये जेमतेम एकवर.

एवढा पुरावा पुरेसा व्हावयास हवा होता. तथापि, आपल्याच हातांनी इतक्या माता मेल्या, हे कबूल करणे थोरामोठ्यांना जड गेले. सेमेलवाइस यांनीही आपले म्हणणे सविस्तर ग्रंथरूपाने मांडावयास १८६१ साल उजाडू दिले, आणि विरोधकांना कठोर पत्रे लिहून वैर वाढविले. १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, चिघळलेल्या जखमेच्या विषाने त्यांचा अंत झाला.

सेमेलवाइस यांना जंतू ठाऊक नव्हते. ते प्रेताच्या कणांना दोष देत. पुढे पाश्चरच्या शोधांवरून स्फूर्ती घेऊन जोसेफ लिस्टर यांनी १८६७ मध्ये कार्बोलिक आम्लाची शस्त्रक्रियापद्धती प्रसिद्ध केली. पण त्यांचा मोठा रोख होता हवेवर. शस्त्रक्रिया चालू असताना खोलीत कार्बोलिकचे तुषार उडविले जात. ही प्रथा त्यांनी पुढे स्वतःच सोडली, आणि १८९० साली बर्लिनमध्ये तीबद्दल मोकळेपणाने खेदही व्यक्त केला. असा मोठेपणा क्वचितच आढळतो.

दरम्यान स्कॉटलंडमधील ॲबरडीन येथील शस्त्रवैद्य अलेक्झांडर ऑगस्टन यांना १८८० च्या सुमारास गळवांच्या पुवात द्राक्षांच्या घोसासारखे गोल जंतू दिसले. ‘घोस’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांनी त्यांना स्टॅफिलोकोकस हे नाव दिले. मग अमेरिकेतील विल्यम वेल्च यांनी १८९१ च्या सुमारास त्याच कुळातील एक पांढरा जंतू पकडला. तो रोग्याच्याच नव्हे, तर निरोगी माणसाच्या त्वचेतही जवळजवळ नेहमी सापडे. आणि तो इतका खोल वसलेला असे, की जंतुनाशक द्रव्ये तेथवर पोचत नसत. टाक्यांच्या जागी होणारी बारीक गळवे त्याचीच, असे वेल्च यांचे मत होते.

त्याच रुग्णालयात, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये, रबराचे हातमोजे आले ते मात्र जंतूंच्या भीतीने नव्हे. पाऱ्याच्या क्षाराच्या द्रावणाने कॅरोलिन हॅम्प्टन या परिचारिकेच्या हातांची कातडी सोलवटली, म्हणून शस्त्रवैद्य हॉल्स्टेड यांनी तिच्यासाठी पातळ मोजे करवून घेतले. १८९० साली त्या दोघांचा विवाह झाला. रुग्णाच्या रक्षणासाठी मोजे सर्रास वापरले जाऊ लागले ते नंतर.

या साऱ्याचा मेळ घातला तो फिलिप प्राइस या अमेरिकन शस्त्रवैद्याने १९३८ साली. त्याने निर्जंतुक पाण्याच्या एकामागून एक पात्रांत ब्रशने हात घासले आणि प्रत्येक पात्रातील जंतू मोजले. आरंभी संख्या झपाट्याने घटली. नंतर मात्र अगदी संथपणे. यावरून त्याने हातावरच्या जंतूंचे दोन वर्ग केले. आपल्या जुन्या गावगाड्याच्या भाषेत बोलावयाचे, तर एक उपरी आणि दुसरे मिरासदार. उपरी जंतू बाहेरून चिकटतात व धुण्याने निघून जातात. व्हिएन्नातील माता वाचल्या त्या ते गेल्यामुळे. मिरासदार केसांच्या मुळांशी व त्वचेच्या थरांत ठाण मांडून असतात, हात धुतल्यावर पुन्हा वाढतात. म्हणूनच शस्त्रवैद्य स्वच्छ धुतलेल्या हातांवरही मोजे चढवितो.

वेल्च यांचा तो पांढरा जंतू धडधाकट त्वचेवर सहसा उपद्रव देत नाही. परंतु कृत्रिम सांधा किंवा हृदयाची कृत्रिम झडप बसविताना वैद्यांना ज्यांची विशेष धास्ती वाटते, त्यांत आज त्याचे नाव अग्रभागी आहे. आणि तेथे तो पुष्कळदा येतो, तो वैद्याच्या हातावरून नव्हे, रुग्णाच्या स्वतःच्याच कातडीवरून.