खडूने उजळलेला 'कॅन्डिडेट'

इंग्रजीतील 'कॅन्डिडेट' लॅटिन 'कॅन्डिडस', म्हणजे लखलखीत शुभ्र, या विशेषणाच्या वंशातला. कारण प्राचीन रोममध्ये अधिकारपदाची अभिलाषा धरणारा गृहस्थ आपला लोकरी टोगा खडूची भुकटी चोळून उजळी आणि, मतदारांची नावे कानाशी कुजबुजणारा गुलाम सोबत घेऊन, चौकात ज्याच्या-त्याच्या हाताला हात देत हिंडे. या हिंडण्याला 'अँबिटिओ' म्हणत. 'अँबिशन' तेथूनच निघाले. त्याच धातूचा 'अँबिटस' मात्र लाचलुचपतीचा गुन्हा ठरून, इ.स.पू. ६३ मध्ये सिसेरोच्या कायद्याने त्याच्या शिक्षेत दहा वर्षांच्या हद्दपारीची भर पडली. खडूचा खर्च त्या मानाने किरकोळच म्हणायचा! निष्कपट या अर्थाचा 'कॅन्डिड', गंमत अशी, की याच कुळातला आहे.