पानिपत: हिस्सा कोणत्या बेरजेचा?

हल्ली विक्रीचे विवरण मागविले की संगणक प्रत्येक वर्गाचा एकूण विक्रीतील टक्का क्षणात मांडतो. वर्गाची रक्कम भागिले एकूण बेरीज, गुणिले शंभर. मात्र 'एकूण' म्हणजे त्या गटाची बेरीज की साऱ्या तक्त्याची, हे आपणच सांगावे लागते. अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने मला येथे नेहमी चौथाई आठवते.

१७१९ साली बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. पुढे शाहूंच्या राज्यात चौथाईची वाटणी ठरली: शेकडा २५ राजबाबती, ६ साहोत्रा, ३ नाडगौंडा आणि उरलेले ६६ मोकासा, म्हणजे सरदारांच्या फौजखर्चासाठी. हे टक्के चौथाईचे आहेत, मुलुखाच्या महसुलाचे नव्हेत. महसुलाशी ताडून पाहिल्यास मोकासा साडेसोळा टक्के भरतो, राजबाबती सव्वासहा, साहोत्रा दीड, नाडगौंडा पाऊण. शेकडा २५ म्हणून मिरवणारी राजबाबती वस्तुतः महसुलाचा सोळावा भाग होती! सरदार पुढे इतके प्रबळ का झाले, याचे निम्मे उत्तर या गुणाकारात आहे, असे माझे मत आहे.

खरी मेख भाजकात होती. मागणी जुन्या ठरीव आकारावर, म्हणजे तनख्यावर, मांडली जाई; उद्ध्वस्त मुलुखातून प्रत्यक्ष वसूल त्याहून पुष्कळ कमी येई. १७५२ च्या करारात बादशहाच्या रक्षणाबद्दल ५० लाख रुपये आणि पंजाब, सिंध आदी प्रांतांची चौथाई कबूल झाली. कागद भक्कम होता. पण १७६० च्या ऑगस्टात दिल्ली घेतल्यावर भाऊसाहेबांना फौजेच्या पगारासाठी दिवाण-इ-खासच्या छताचे रुपे उतरवून नाणी पाडावी लागली. गोविंदपंत बुंदेल्यांकडे पैशाचा तगादा सुरूच होता. डिसेंबरात ते मारले गेले आणि पानिपतच्या छावणीची रसद खुंटली.

१४ जानेवारी १७६१ च्या संहाराची वार्ता नानासाहेबांना एका सावकारी पत्रातून कळली. गळालेली मोत्ये दोन, हरवलेल्या मोहरांचा आकडा दिलेला. रुपये आणि खुर्दा मात्र अगणित. वर्गवारी आहे, एकूण नाही. मृतांच्या संख्येवर इतिहासकारांचे आजही एकमत नाही, आणि त्यातील बराचसा घोळ लढवय्येच मोजायचे की यात्रेकरू, बायकामुले, बुणगेही धरायचे, याचाच आहे.